आईबरोबर मिहिंतले

गुरुवार : कोलंबो ते अनुराधपुर

श्रीलंकेला जाणारी आपल्याकडची बहुतेक मंडळी कोलंबोला उतरली की कँडी, नुवारा एलिया, बेंटोटा असा फेरा करतात. आमचा रस्ता सरळ उत्तरेला होता. आईला या देशात दोनच ठिकाणं बघायची होती. एक अनुराधपुरचा बोधिवृक्ष आणि दुसरं तिथून तेराएक किलोमीटरवरचा मिहिंतलेचा डोंगर, जिथे सम्राट अशोकाचा मुलगा महिंद थेर (थेर म्हणजे ज्येष्ठ भिक्खू) धम्म घेऊन पहिल्यांदा आला. बाकीचं वेळ उरला तर बघू, असं तिने घरीच सांगून टाकलं होतं.

आई नागपूरची, सरकारी दवाखान्यातून निवृत्त झालेली परिचारिका. माझे आजोबा १४ ऑक्टोबर १९५६ ला दीक्षाभूमीवर होते, त्यामुळे त्रिसरण-पंचशील आमच्या घरात पाढ्यांच्या आधी पाठ व्हायचं. महिंद आणि संघमित्रा ही भावंडं तिला विहारातल्या प्रवचनांतून लहानपणापासून ओळखीची. मी पुण्यात राहते आणि सुट्टी मिळाली की जुन्नर, कार्ले, बेडसे, नाशिक अशी लेणी पालथी घालते. मला मिहिंतलेची ओढ लागली ती तिथल्या गुहा आणि शिलालेखांमुळे. एका डोंगरावर दोघींचंही काम होणार होतं.

कोलंबोत पाऊस कोसळत होता. फोर्ट स्टेशनवरून गाडी सुटली तेव्हा खिडक्या बंद कराव्या लागल्या. कुरुनेगला मागे पडलं तसा पाऊस विरळ झाला आणि महव जंक्शनच्या पुढे तर मातीच कोरडी ठणठणीत. जूनचा नैऋत्य मोसमी वारा लंकेचा नैऋत्य भाग भिजवतो, मधले डोंगर ओलांडतो आणि उत्तरेला येईपर्यंत त्याच्यात पाणी उरत नाही. सह्याद्रीच्या पूर्वेला आपण हेच बघतो. या भागाचा मुख्य पाऊस ऑक्टोबर ते जानेवारीत पडतो, म्हणून इथल्या राजांनी दोन हजार वर्षांपूर्वीपासून तलाव बांधले. तिस्सवेव, अभयवेव, नुवरवेव. अनुराधपुरात शिरताना संध्याकाळच्या उजेडात एका बांधावर बगळे बसलेले दिसले आणि आईने प्रवासात पहिल्यांदाच मोबाईल बाहेर काढून फोटो घेतला.

शुक्रवार : बोधिवृक्षाखाली

जय श्री महाबोधि. बुद्धगयेच्या बोधिवृक्षाची फांदी संघमित्रा थेरीने आणली आणि राजा देवानंपिय तिस्साने ती इथे लावली. इसवी सनापूर्वी तिसऱ्या शतकातली ही गोष्ट. माणसाने लावलेल्या आणि लागवडीचा काळ नोंदवून ठेवलेल्या झाडांमध्ये हे जगातलं सर्वांत जुनं झाड मानतात. बुद्धगयेत आज जे झाड आहे, ते मूळ झाड पडल्यानंतर एकोणिसाव्या शतकात लावलेलं. इथलं मात्र राजवटी बदलल्या, राजधानी हलली, शहर जंगलात गेलं, तरी सांभाळलं गेलं.

झाड उंच चौथऱ्यावर आहे. भोवती सोनेरी कठडा आणि वाकलेल्या फांद्यांना सोनेरी टेकू. वरच्या चौथऱ्यावर आपल्याला जाता येत नाही, खालच्या पटांगणात बसायचं. आईने पांढरं लुगडं नेसलं होतं, आपल्याकडे बुद्धपौर्णिमेला नेसतात तसं. इथे सगळेच पांढऱ्या कपड्यांत असल्यामुळे ती त्या गर्दीत अशी मिसळून गेली की फुलं घ्यायला थांबलेल्या मलाच तिला शोधावं लागलं.

सापडली तेव्हा ती सात-आठ सिंहली बायकांच्या मागे बसलेली होती. त्यांनी फुलांची गाथा सुरू केली होती, ‘वण्णगन्धगुणोपेतं, एतं कुसुमसन्ततिं’. आईने दुसऱ्या शब्दाला सूर मिळवला. त्यांची चाल आपल्याहून संथ, ओळीचं शेवटचं अक्षर त्या लांबवतात. आई नेहमीच्या सवयीने थोडी पुढे जायची, मग थांबून त्यांना येऊ द्यायची. ‘पूजयामि मुनिन्दस्स, सिरिपादसरोरुहे’ या ओळीवर मात्र सगळ्या एकदम पोहोचल्या. त्या बायकांनी वळून पाहिलं. त्यांतल्या सर्वांत वयस्कर आजींनी सिंहलीत काहीतरी विचारलं, त्यांच्या सुनेने इंग्रजीत मला सांगितलं की आजी विचारताहेत, अम्मा कुठल्या गावच्या?

मग आई बोलत राहिली आणि मी आणि ती सून मधे पूल झालो. नागपूर. बाबासाहेब आंबेडकर. १९५० मध्ये बाबासाहेब जागतिक बौद्ध परिषदेसाठी याच देशात आले होते. आणि दीक्षाभूमीवरच्या स्तूपाशेजारी जो बोधिवृक्ष आहे, तो भदंत आनंद कौसल्यायन यांनी याच झाडाच्या फांद्या नेऊन लावलेला. हे ऐकल्यावर आजींनी आईचे दोन्ही हात हातात घेतले. त्यांच्या झाडाचं मूल आमच्या गावात वाढतंय, हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं. आईने तिच्या मोबाईलमधला दीक्षाभूमीचा फोटो काढून दाखवला, तो मग त्या सगळ्यांच्या हातांतून फिरला.

दुपारी रुवनवेलिसाय आणि जेतवनाराम पाहिले. दुट्ठगामणी राजाचा रुवनवेलिसाय पांढराशुभ्र, जिता. जेतवनाराम विटांचा, महासेन राजाने तिसऱ्या-चौथ्या शतकात उभारलेला. मुळात त्याची उंची १२२ मीटर होती आणि त्या काळी त्याहून उंच फक्त गिझाचे दोन पिरॅमिड होते. उन्हाने पाय भाजत होते. स्तूपाभोवती अनवाणीच फिरायचं असतं, तेव्हा पायमोजे जवळ ठेवावेत. ते चालतात.

शनिवार : डोंगर

आदल्या संध्याकाळीच आम्ही मिहिंतलेच्या पायथ्याशी एका घरगुती मुक्कामाला आलो होतो. पोसोन नुकताच होऊन गेला होता. पोसोन म्हणजे जूनची पौर्णिमा, महिंद थेर या डोंगरावर आले तो दिवस. तेव्हा इथे लाखो माणसं येतात. रस्त्याच्या कडेला तोरणांचे बांबूचे सांगाडे अजून उभे होते, कागदी कंदिलांचे रंग उडाले होते. घरमालकीण सांगत होत्या की त्या दिवसांत गावोगावचे लोक इथे दानसल लावतात, म्हणजे येणाऱ्या प्रत्येकाला फुकट जेवण, सरबत, चहा. कोण कुठला, कोणत्या धर्माचा, कोणी विचारत नाही. ६ डिसेंबरला चैत्यभूमीवर आणि दसऱ्याला दीक्षाभूमीवर वाटलं जाणारं जेवण आईने तिथल्या तिथे त्यांना वर्णन करून सांगितलं.

सकाळी त्यांनी कोलकेंद दिलं. तांदूळ, नारळाचं दूध आणि गोटुकोळ नावाच्या पाल्याचा रस घालून केलेली हिरवी पेज. सोबत गुळाचा खडा. घोट पेजेचा आणि चावा गुळाचा. ही पेज लक्षात ठेवा, ती डोंगरावर पुन्हा भेटते.

पायऱ्या सुरू व्हायच्या आधीच जुन्या रुग्णालयाचे अवशेष आहेत. नवव्या शतकातलं, दुसऱ्या सेन राजाच्या काळचं. मधे अंगण, भोवती भिक्खूंसाठी लहान लहान खोल्या. एका खोलीत अखंड दगडाची द्रोणी आहे, आतून माणसाच्या शरीराच्या आकारात कोरलेली. रुग्णाला तीत झोपवून औषधी तेलात, काढ्यात बुडवून ठेवत. इतर लोक फोटो काढून पुढे जात होते, आई मात्र तिथेच थांबली. डोक्याचा भाग अरुंद, खांद्याशी रुंद, पुन्हा पायाकडे निमुळता. ‘बघ,’ ती म्हणाली, ‘जितकं अंग तितकीच जागा सोडलीये. औषध वाया जात नाही आणि माणूस हलतही नाही. हे ज्याने करवून घेतलं त्याने रुग्ण हाताळलेले असणार.’ ३४ वर्षं वॉर्डात काढलेल्या बाईचं हे मत मला कोणत्याही माहितीफलकाहून जास्त पटलं.

मग पायऱ्या. १,८४० पायऱ्या, ग्रॅनाइटच्या. अर्ध्यापर्यंत गाडीही जाते, पण आईला पहिल्या पायरीपासूनच चढायचं होतं. खालचा टप्पा अतिशय रुंद आहे, पायरीची उंची कमी, दोन्ही बाजूंना पांढऱ्या चाफ्याची जुनी झाडं. पायऱ्यांवर चाफ्याची फुलं पडलेली, त्यांवर पाय पडू नये म्हणून लोक वाकडीतिकडी पावलं टाकत होते. आईने चढण्याची आपली रीत ठरवली. एक गाथा संपेपर्यंत चढायचं, मग थांबून श्वास घ्यायचा. बुद्धवंदना, धम्मवंदना, संघवंदना असं करत ती माझ्यापेक्षा एका लयीत वर गेली. मी घाई करायचे आणि प्रत्येक वळणावर धापा टाकत तिची वाट बघत बसायचे.

पहिला टप्पा संपला की उजवीकडे फुटणारी वाट कंटक चेतियाकडे जाते. बरेच जण ती चुकवतात. कृपा करून चुकवू नका. लंकेतल्या सर्वांत जुन्या स्तूपांपैकी हा एक. वरचा घुमट ढासळलेला आहे, पण चारी दिशांना असलेली दगडी दर्शनी बांधकामं, ज्यांना इथे वाहल्कड म्हणतात, ती बऱ्यापैकी शाबूत आहेत. पूर्वेकडचं सर्वांत सुंदर. हत्तींची रांग, हंसांची रांग, पूर्णकलश, खांबांवर बसलेले प्राणी आणि मधेमधे पोट सुटलेले ठेंगणे गण. त्यांतल्या एका गणाला हत्तीचं डोकं आहे. लेण्याद्रीला सातव्या लेण्यात, भिक्खूंच्या विहारात आज गणपती बसलेला आहे, हे जुन्नरला जाणाऱ्या प्रत्येकाला माहीत असतं. इथे तो स्तूपाच्या पायाशी, गणांच्या रांगेत, कोरीवकामाचा भाग म्हणून बसलाय.

कंटक चेतियाच्या आसपास गुहा आहेत. राजाने भिक्खूंसाठी इथे ६८ गुहा करवून घेतल्या असं महावंसात, म्हणजे लंकेच्या जुन्या पाली इतिहासग्रंथात म्हटलंय. आपल्या लेण्यांसारख्या या खोदून काढलेल्या नाहीत. प्रचंड शिळांच्या पोटाखाली आधीच असलेली पोकळी, पुढे विटांची भिंत, की झाली खोली. मात्र प्रत्येक शिळेच्या ओठावर एक काम माणसाने केलंय. कातळाच्या कडेने आडवी, बोटभर खोल पन्हळ कोरलेली आहे. पावसाचं पाणी शिळेवरून ओघळत येतं, या पन्हळीपाशी अडतं आणि आत न शिरता बाहेर ठिबकतं. पन्हळीच्या खाली एका ओळीत ब्राह्मी अक्षरं. मी शिळेखाली मान वाकडी करून उभी राहिले आणि बोटाने हवेत अक्षरं गिरवत वाचायला लागले. दात्याचं नाव झिजलेलं होतं. पुढचं लागलं : ‘लेणे… आगत अनागत चतुदिस सगस’. आलेल्या आणि येणाऱ्या, चारी दिशांच्या संघाला.

नाशिकच्या त्रिरश्मी डोंगरावर हेच वाचलंय मी, चारी दिशांच्या भिक्खुसंघाला दिलेलं दान. तिथेही तेच अक्षर, तोच हेतू. महावंसातली ती यादी मला तिथे उभ्या उभ्या आठवली. पाटलिपुत्राच्या तिसऱ्या संगीतीनंतर, म्हणजे भिक्खूंच्या धम्मसभेनंतर, मोग्गलिपुत्त तिस्स थेरांनी दिशादिशांना भिक्खू पाठवले. महिंद थेर लंकेला. योनक धम्मरक्खित अपरांतात, म्हणजे आपल्या कोकणच्या बाजूला. आणि महाधम्मरक्खित महारट्ठात. एकाच बैठकीत ठरलेल्या वाटा या. लंकेच्या वाटेवर महिंद गेले त्याच सुमाराला आपल्याकडेही कोणीतरी सह्याद्रीचा घाट चढत होतं.

मी आजवर लेण्यांत गेले ती अभ्यासक म्हणून. मोजपट्टी, वही, कॅमेरा. मनमोडीच्या डोंगरावर वटवाघळांचा वास, कार्ल्याला रेलिंग आणि तिकीटखिडकी, दिवस मावळायच्या आत बाहेर पडा अशी शिट्टी. पौर्णिमेला आपले लोक मेणबत्त्या घेऊन जातात, वंदना घेतात, आणि डोंगर पुन्हा रिकामा होतो. इथे त्या ब्राह्मी ओळीपासून थोड्याच अंतरावर सकाळची ताजी फुलं ठेवलेली होती. डोंगरावर भिक्खू आजही राहतात. ज्या संघाला ती गुहा दिली, तो संघ अजून आहे. मधल्या काळात इथेही सगळं जंगलात गेलं होतं, हे मला ठाऊक आहे, पण लोकांनी ते पुन्हा हाती घेतलं. मला याचा मनापासून हेवा वाटला. आपल्या डोंगरांवर हे कसं असेल, याचं चित्र मी इतकी वर्षं वाचनातून जुळवत होते. इथे ते समोर होतं.

आई खालच्या शिळेवर बसून पाणी पीत होती. तिला ओळ वाचून दाखवली. ‘अनागत म्हणजे पुढे येणारे ना?’ तिने विचारलं. ‘मग आपण आलो की.’

दुसऱ्या टप्प्यावर दानशाळा, भिक्खूंचं भोजनगृह. मधलं अंगण, भोवती खांबांचे अवशेष आणि कडेला दोन दगडी डोण्या. मोठी भातासाठी, दुसरी पेजेसाठी. सकाळी आम्ही प्यायलो तीच केंद. आतल्या कडा इतक्या गुळगुळीत आहेत की हात सहज फिरतो. लाकडी डाव किती वर्षं त्या कडांवर घासले गेले असतील! कान्हेरीचं अकरावं लेणं आठवलं, जिथे लांबच लांब दगडी बाकं आहेत. तिथे पंगत दिसते, इथे वाढप दिसतं.

शेजारीच दहाव्या शतकातले चौथ्या महिंद राजाचे दोन मोठे शिलालेख उभे आहेत. महिंद हे नाव इथे राजांनीही घेतलं. विहार कसा चालावा याचे नियम त्यांत आहेत. भिक्खूंची दिनचर्या, हिशेब कसा ठेवायचा, कोणत्या सेवकाला काय मोबदला. मला अशा लेखांचं फार अप्रूप. आपल्याकडे नाशिकला दहाव्या लेण्यात नहपान क्षत्रपाचा जावई उषवदात याने असंच लिहून ठेवलंय. गोवर्धनातल्या विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यवसायसंघांकडे, ३,००० कार्षापण (त्या काळची नाणी) ठेव, त्यातले २,००० दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १,००० शेकडा पाऊण व्याजाने, आणि त्या व्याजातून भिक्खूंची वस्त्रं आणि इतर खर्च. डोंगरावरचं ध्यान हे खालच्या गावाच्या हिशेबावर उभं असतं आणि ते हिशेब कोणी लपवले नाहीत, दगडावर लिहून दारात लावले. संघ म्हणजे काय, हे मला या जमाखर्चातून जास्त कळतं.

शेवटचा टप्पा खरा चढ. पायऱ्या अरुंद आणि उंच होतात, माकडं फुलांच्या पुड्यांवर टपून असतात. वर तिकीट काढायचं, चपला आणि टोपी काढायची, आणि समोर नारळाच्या झाडांमधे अंबस्थल. लहानसा पांढरा स्तूप, भोवती सडपातळ दगडी खांबांची वर्तुळं. पूर्वी त्या खांबांवर छप्पर होतं. बाजूला डोकं नसलेला एक पुतळा, तो देवानंपिय तिस्साचा असं सांगतात.

राजा इथे हरणाच्या मागे शिकारीला आला होता. महिंदांनी त्याला नावाने हाक मारली, ‘तिस्स!’ त्या राज्यात राजाला असं कोण हाक मारणार? मग पुढचा संवाद आईने मला सांगितला, स्तूपाच्या सावलीत बसून, विहारात मुलांना सांगते तसा.

‘राजा, हे झाड कोणतं?’

‘आंबा.’

‘याच्याशिवाय दुसरे आंबे आहेत?’

‘पुष्कळ आहेत.’

‘हा आंबा आणि ते आंबे सोडून आणखी झाडं आहेत?’

‘आहेत, पण ती आंब्याची नाहीत.’

‘ते बाकीचे आंबे आणि आंबा नसलेली ती झाडं, ही सगळी सोडली तर आणखी झाड उरतं का?’

‘हे, समोरचं हे आंब्याचं झाड उरतं, भंते.’

मग महिंदांनी हेच नातेवाइकांबद्दल विचारलं आणि राजाने शेवटी सांगितलं की सगळे सोडले तर मी उरतो. या माणसाला धम्म समजेल अशी थेरांची खात्री पटली आणि त्यांनी बुद्धांचा एक उपदेश, चूळहत्थिपदोपम सुत्त, सांगितलं. हत्तीचं नुसतं पाऊल पाहून हत्ती केवढा ते ठरवू नये, शेवटपर्यंत माग काढत जावा, असं सांगणारं हे सुत्त आहे. शिकाऱ्याला मागाची उपमा. मला या प्रसंगात सर्वांत आवडतं ते हे की कोणताही चमत्कार दाखवून राजाला जिंकलेलं नाही. आधी त्याची विचारशक्ती तपासली, मग बोलणं सुरू केलं. आईला मात्र दुसरीच गोष्ट आवडते : ‘हरिण वाचलं.’

अंबस्थलाहून खाली उतरणारी एक वाट महिंदगुहेकडे जाते. दोन शिळांच्या मधे, दरीच्या बाजूने उघडी, सपाट केलेली एक दगडी शय्या. बस, एवढंच. महिंद थेर बत्तिसाव्या वर्षी इथे आले आणि परत गेले नाहीत. भिक्खू म्हणून साठावा वर्षावास, म्हणजे पावसाळ्यातला एका जागचा मुक्काम, याच डोंगरावर करत असताना ते वारले. विदिशेला आई देवी मागे राहिली होती. आईने त्या शय्येवर चाफ्याची पाच फुलं ठेवली. मग तिने शय्येला हात लावून पाहिला आणि म्हणाली, ‘दुपारी पण थंडच आहे गं.’

समोर आराधना गल दिसत होता, उघडाबोडका कातळ. त्यावर खोबण्यांसारख्या पायऱ्या आणि लोखंडी कठडा. महिंद याच कातळावर उतरले अशी श्रद्धा आहे. पण दुपारचा वारा इतका होता की कठडा धरलेल्या माणसांचे कपडे फडफडत होते. आईने वर बघून सांगितलं, ‘आज नको. उद्या सकाळी येऊ.’

रविवार : आराधना गल

गाडीने मधल्या टप्प्यापर्यंत आलो आणि उजाडायच्या आत वर पोहोचलो. वारा पडलेला होता. कातळ रात्रीच्या गारव्याने थंड, अनवाणी पायांना बरा वाटत होता. आईने लुगड्याचा काष्टा घट्ट केला आणि दोन्ही हातांनी कठडा धरला. पायऱ्या झिजून तिरप्या झाल्यात, काही ठिकाणी जेमतेम अर्धं पाऊल मावतं. वरून उतरणारी चार शाळकरी मुलं कडेला सरकली, ‘अम्मा, अम्मा’ करत तिला वाट दिली, त्यांतल्या एकीने शेवटच्या उंच पायरीवर हात दिला. मी तिच्या एक पायरी मागे, पडली तर धरायला म्हणून. तशी वेळ आली नाही.

वर जेमतेम काही माणसं उभी राहतील एवढी जागा. खाली नारळांमधला अंबस्थल, एका बाजूला महासेयचा मोठा पांढरा स्तूप, ज्यात भगवान बुद्धांचा केशधातू, म्हणजे केसाचा अवशेष, आहे असं मानतात. दूर पश्चिमेला सपाट जंगल आणि त्यातून डोकं काढलेले अनुराधपुरचे स्तूप. मधेमधे तलाव उजळायला लागले होते. आईने तिथे त्रिसरण म्हटलं, मोठ्याने, माईकशिवाय विहारात म्हणते तसं. बाजूच्या जोडप्याने ‘साधु, साधु, साधु’ म्हटलं. उतरताना तिने तोंड कातळाकडे केलं आणि शिडीवरून उतरतात तशी उतरली. चढण्यापेक्षा उतरणंच अवघड आहे, गुडघे दुखत असतील तर हे आधी विचारात घ्या.

परतीच्या वाटेवर नागपोकुण पाहिलं. डोंगराच्या कुशीतलं जुनं तळं, मागच्या कातळात पाच फण्यांचा नाग असा कोरलाय की तो पाण्यातून वर येतोय असं वाटतं. इथे साठलेलं पाणी खाली दानशाळेकडे आणि सिंहपोकुणाकडे नेलेलं होतं. तिथे मागच्या पायांवर उभ्या सिंहाच्या तोंडातून ते पडायचं. कान्हेरीच्या डोंगरावर पाण्याच्या टाक्यांचं जाळं पाहिलेल्या माणसाला हे लगेच उलगडतं. कोरड्या मुलखात शेकडो माणसं डोंगरावर ठेवायची तर पहिली सोय पाण्याची.

खाली आलो तेव्हा साडेनऊ झाले होते. घरमालकिणींनी आप्पे आणि पोळसंबोल, म्हणजे खोवलेल्या नारळाची तिखट चटणी, तयार ठेवलं होतं. जेवताना आईने माझ्याकडून त्यांना विचारून घेतलं : पुढच्या पोसोनला खोल्या मिळतील का, एका खोलीत किती बायका झोपू शकतील, अंथरूण आमचं आणलं तर चालेल का, आणि पायथ्याला आम्हाला एक दिवस दानसल लावू देतील का, पोहे आणि चहाचं. बाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं. दानसलची आधी नोंदणी करावी लागते, आरोग्य खात्याची माणसं येऊन अन्न तपासतात, ते मी बघते, त्या म्हणाल्या. खोल्यांचं मात्र नवीन वर्ष लागलं की लगेच कळवा. आईने पर्समधली छोटी वही काढली आणि पानाच्या वरच्या कोपऱ्यात त्यांचा फोन नंबर लिहून घेतला. खाली महिला मंडळातली नावं लिहायला सुरुवात केली ती दांबुल्ल्याची बस येईपर्यंत.